वायगोळा आणि काचेखालचा कागद

माझ्या टेबलाच्या काचेखाली पाच-सहा वर्षं एक कागद होता. दोन रकाने आखलेले. डावीकडे माझ्या अक्षरात पेशंटचे मराठी शब्द, उजवीकडे टाइप केलेलं त्यांचं इंग्रजी. मळमळ, जळजळ, कळ, करपट ढेकर, पोट डब्ब होणं, असे सोळा शब्द होते. नवव्या नंबरला वायगोळा, आणि त्याच्यासमोर गॅस. तो कागद मी तयार केला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. आज लिहायचं आहे ते त्या नवव्या ओळीबद्दल.

मी एक्स-रे टेक्निशियन होते. नवी मुंबईतलं एक मध्यम आकाराचं हॉस्पिटल, नाव सांगत नाही. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट आहे. माझे वडील, दादा, तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते. साताऱ्याकडून आलेले, पाठीवर गोणी वाहणारे. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, मग रेडिओग्राफीचा डिप्लोमा केला. दादा टोळीत सांगायचे, "आमची सुमन मान्सांच्या आतलं बघती." त्यावर बरोबरचे म्हणायचे, "मग इचार तिला, मुकादमाच्या आत काय हाय."

कागद करायचं कारण असं. आमचे रेडिओलॉजिस्ट सर मल्याळी. माणूस हुशार आणि सरळ, पण त्यांचं मराठी 'श्वास घ्या, धरा, सोडा' इथे संपायचं. पुढचं बोलणं हिंदीत. पेशंट तर चारी दिशांनी यायचे. बेलापूरच्या सरकारी कचेऱ्यांतले कारकून 'ॲसिडिटी' म्हणत. नावड्याहून येणारे कंपनीतले कामगार छातीवर मूठ ठेवून 'इथं पेटतं' म्हणत. आमच्या बाजारातले लोक आणि उरणकडचे लोक, एरवी एकमेकांची बोली न कळणारे, दोघेही वायगोळा म्हणत. सरांना तपासणीआधी चिठ्ठीवर अर्ध्या ओळीत इंग्रजी तक्रार हवी असे. ती लिहायचं काम माझं. रोज तेच शब्द यायचे, म्हणून मी कागद केला. सरांनी तो पाहिला आणि म्हणाले, "सुमन, यू आर माय डिक्शनरी." त्या दिवशी मी घरी ते तीनदा सांगितलं.

बेरियमची तपासणी आता फारशी कुणी करत नाही, दुर्बीण घालून बघतात. तेव्हा तीच मोठी तपासणी होती. जठर एक्स-रेत दिसत नाही, कारण ते मऊ असतं. म्हणून पेशंटला पांढरं, दाट, खडूच्या चवीचं पाणी पाजायचं. ते बेरियम. ते आत जिथे जिथे जातं, तिथला आकार पडद्यावर उमटतो. पेशंटला यंत्राच्या फळीवर उभं करायचं, आडवं करायचं, कुशीवर वळवायचं. सर शिशाचा एप्रन घालून टीव्हीवर बघणार, मी फिल्म काढणार आणि डार्करूममध्ये धुऊन आणणार. एक फिल्म लगेच, एक अर्ध्या तासाने. जठर वेळेत रिकामं होतंय का याची शंका असेल तर सहा तासांनी आणखी एक, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. पण त्यासाठी पेशंटला दिवसभर उपाशी बाकावर बसावं लागे. म्हणून उशिराची फिल्म सर सांगतील तेव्हाच. आणि सर ते ठरवणार टीव्हीवर काय दिसतं आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय, यावरून.

पेशंट नाना तऱ्हेचे. एका कारकुनाने विचारलं, यात अंड्याचा अंश नाही ना, चतुर्थी आहे. एक माथाडी 'हळूहळू प्या' म्हणेपर्यंत अख्खा ग्लास एका दमात रिकामा करून मिशा पुसत म्हणाला, "ताई, अजून हाय?" रिकाम्या पोटी या म्हटलं तर एकजण फक्त दोन इडल्या खाऊन आला होता. इडली हलकी असते म्हणे.

हिराबाई आली ती या सगळ्यांत उठून दिसावी अशी नव्हती. उरणच्या अलीकडच्या खाडीकाठच्या गावातली, पंचेचाळिशीची, सुकी मासळी विकणारी. बरोबर नणंद चांगुणा, अंगाने दुप्पट आणि आवाजाने चौपट. हिराबाईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, इतकी ती वाळली होती.

"काय होतं, मावशी?" मी चिठ्ठी पुढे ओढली.

"वायगोला हाय, बाय. पोटान फिरतो."

तिने डाव्या बरगडीखाली बोट ठेवलं, ते हळूहळू उजवीकडे नेलं आणि तिथे दोनदा टोकलं. मी चिठ्ठीवर लिहीत होते, त्यामुळे ते बोट मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं तेवढंच. नववा नंबर. मी गॅस लिहिलं.

"उलट्या होतात?"

"होत नाय. मीच काढते."

मी लिहिलं, उलट्या नाहीत.

टीव्हीवर जठर थोडं सैल दिसलं. बेरियम सावकाश का होईना, पुढे सरकताना दिसलं. सरांनी चिठ्ठी वाचली, दोन फिल्म पाहिल्या आणि रिपोर्ट लिहिला, विशेष काही नाही. हिराबाईला गोळ्या मिळाल्या. चांगुणा जाताना म्हणाली, "चल वयनी. सफेद पानी पिऊन काली पडलीस."

महिन्याभराने एक म्हातारे वैद्य छातीच्या एक्स-रेला आले. गावाकडचा दवाखाना बंद करून बेलापूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. खोकला हटत नव्हता आणि स्वतःचा काढा स्वतःला लागू पडत नव्हता, त्यामुळे आधीच वैतागलेले. नंबर येईपर्यंत माझ्या टेबलासमोर बसले आणि काचेखालचा कागद उलटा वाचू लागले.

"हा कुणी केला?"

"मी," मी म्हटलं. कौतुक येतंय म्हणून जरा सावरून बसले.

"वायगोळा म्हणजे गॅस, हे तुला कुणी शिकवलं?"

"सगळे तसंच म्हणतात, काका. जुना शब्द आहे तो. आता गॅस म्हणतात."

"म्हणतात. जाहिराती लागायला लागल्यापासून म्हणतात." त्यांनी चष्मा काढला. "शब्द किती जुना आहे माहीत आहे? आमच्या जुन्या ग्रंथांत याला गुल्म म्हटलंय. गुल्म म्हणजे झुडूप. वर गच्च, मूळ दिसत नाही. छाती आणि ओटीपोट यांच्या मधे हाताला लागणारी गोल गाठ. कधी फिरते, कधी एका जागी बसते. कधी वाढते, कधी कमी होते. त्याचे प्रकार केलेत, कुठल्यात दुखतं, कधी दुखतं, सगळं लिहिलंय. त्या लोकांनी ठरवलं की हे वाऱ्याचं काम. मग गावोगावच्या वैद्यांच्या आणि सुइणींच्या तोंडून तो वायगोळा होऊन घराघरांत गेला. पुढे बाळंतिणीला कळ आली तरी वायगोळा, पोराचं पोट फुगलं तरी वायगोळा. शब्द वापरून वापरून ढिला झाला, हे मला मान्य. पण तू तर त्यातला वाय ठेवलास आणि गोळा टाकून दिलास."

मला राग आला. खरं सांगते, फार आला. मी म्हटलं, "काका, पोटात वाऱ्याचा गोळा फिरत नसतो. आम्ही रोज आत बघतो."

"वारा नसेल. कारण त्यांचं चुकलं असेल, त्यावर मी भांडणार नाही. पण गोळा त्यांनी हाताने चाचपून लिहिलाय, मुली. कारण चुकलं म्हणून खूण खोटी होत नाही."

मी त्यांना आत नेऊन यंत्रासमोर उभं केलं आणि म्हटलं, "श्वास घ्या, धरा." त्यांनी जिंकलेल्या माणसाच्या चेहऱ्याने श्वास धरला.

दुपारी डबा खाताना मला ते बोट आठवलं. डाव्या बरगडीखालून निघून उजवीकडे जाऊन थांबणारं. मी सहा-सात वर्षं रोज जठरं बघत होते. जठर अन्न डावीकडून उजवीकडे ढकलतं. आणि उजवीकडे, हिराबाईने दोनदा टोकलं होतं त्याच जागी, जठराचं दार असतं. अन्न तिथून पुढे आतड्यात जातं. ते दार बंद असेल तर जठर काय करील? जोर लावील. पोटावरून दिसेल, हाताला लागेल इतका जोर लावील.

मी डबा बंद केला आणि रजिस्टरमधून पत्ता काढला.

रविवारी एसटीने गेले. रस्त्याला कंटेनरच्या गाड्यांची रांग, नवी गोदामं, आणि मधेच मिठागरांचे बांध. हिराबाईचं घर त्या बांधाला लागून होतं. अंगणात जवळा सुकत घातलेला, आणि ती त्याच्याशेजारी भिंतीला टेकून बसलेली. महिन्याभरात आणखी निम्मी झाली होती. चांगुणा आतून बाहेर आली.

"तू ती दवाखान्यातली ना? सफेद पानी पाजनारी?"

"हो. मावशींना परत तपासायचंय."

"कायच नाय म्हनून सांगलाव ना तुमी? आता काय नवीन झाला?"

"चूक माझी झाली असेल," मी म्हटलं. हे वाक्य बोलायची मला सवय नव्हती. घरात पहिली शिकलेली असले की आपलं चुकत नाही अशी एक सवय लागते. सगळे आपल्यालाच विचारत असतात.

आत चटईवर हिराबाईला निजवलं. तिला तांब्याभर पाणी प्यायला लावलं आणि पोटावरचा पदर बाजूला करून बघत बसले. दोनेक मिनिटं काही नाही. मग डाव्या बरगडीखाली कातडी वर आली. नारळाएवढा गोल उंचवटा. तो जाळ्याखालून मोठा मासा सरकावा तसा हळूहळू उजवीकडे गेला, तिथे थांबला, कडक झाला आणि विरला. हिराबाईने डोळे मिटून घेतले होते. मग दुसरा उठला.

"हा बग, निंगाला," चांगुणा म्हणाली. "आमी रोज बगताव. शेजारनी पन बगतान. तूच नाय बगलास."

ते खरं होतं. सगळ्या आळीने जो गोळा उघड्या डोळ्यांनी पाहिला होता, तो यंत्र घेऊन बसलेल्या आम्हाला दिसला नव्हता.

"मावशी, उलटी तुम्ही काढता म्हणालात. काय निघतं त्यात?"

"भात. काल खाल्लेला, परवा खाल्लेला. काढला का बरा वाटतो."

"तपासणीच्या दिवशी पण काढली होती?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तूच बोललीस ना, रिकाम्या पोटी ये. म्हनून काढून आयली. नाय त माझा पोट रिकामा होतच नाय."

तिने माझं म्हणणं तंतोतंत पाळलं होतं. दाखवायचं तेच घरी ओतून आली होती.

"उद्या सकाळी यायचं," मी म्हटलं. "आणि उलटी काढायची नाही. कितीही त्रास झाला तरी."

हिराबाईने मान हलवली. "धा दिसांनी पोराची हलद हाय. लगीन होऊ दे. मग येते."

"मावशी, दहा दिवसांनी तुम्हाला उभं राहता येणार नाही. मी डॉक्टर नाही, पण हे मला दिसतंय."

उत्तर दिलं ते चांगुणाने. "येल ती. मी आनते. नाय आयली त टेम्पोन टाकून आनते, जवल्याच्या पाटीसंगती."

आता सर. टेक्निशियनने स्वतःहून तपासणी परत करायची पद्धत नाही, तो तिचा अधिकारच नाही. सोमवारी सर यायच्या आधीपासून मी त्यांच्या दाराशी उभी होते. त्यांनी जुना रिपोर्ट वाचला.

"यह तो मैंने देखा है. गैस का केस है."

"नहीं सर. गैस मैंने लिखा था. उसने नहीं बोला था."

"तो क्या बोला था?"

मी सगळं सांगितलं. बोट, गोळा, भात, रिकामं पोट. वैद्यांचंही सांगितलं. तिथे त्यांनी भुवई वर केली, पण शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "और अगर नॉर्मल निकला?"

"तो सर, वो कागज सही है, काँच के नीचे ही रहेगा. और आप मुझे जो बोलना है बोलिए."

सर हसले. "ठीक है. छह घंटे की फिल्म भी लेंगे."

हिराबाईने बेरियमचा घोट घेतला आणि सर टीव्हीच्या जवळ सरकले. पांढरं पाणी खाली उतरलं ते जठराच्या आकारात पसरलंच नाही. आत आधीच तुडुंब भरलेलं होतं. ताकात पीठ पडावं तसं ते तरंगत, फाटत, खाली खाली बसत गेलं, पार कमरेच्या हाडांपर्यंत. मधे काळे ठिपके.

"पूछो, कल क्या खाया," सर हळूच म्हणाले.

"काल? काल कायच नाय खाल्ला," हिराबाई म्हणाली. "भात परवा खाल्ला."

परवाचा भात आम्ही टीव्हीवर बघत होतो.

सहा तास ती बाकावर बसून राहिली. चांगुणाने तेवढ्यात अख्ख्या ओपीडीला मासळी कशी सुकवायची ते शिकवलं. दुपारी मी फिल्म काढली, धुतली आणि ओलीच उजेडाच्या पेटीवर लावली. पाणी टपकत होतं. बेरियम होतं तिथेच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फिल्म घेतली, तरी बरंचसं तिथेच. सरांनी जुनी चिठ्ठी मागवली आणि माझा गॅस स्वतःच्या पेनने खोडला. मग विचारलं, "उसका वर्ड क्या था?"

"वायगोळा, सर."

"वायगोळा," ते म्हणाले. मल्याळी माणसाला ळ नीट जमतो. त्यांनी तो जसाच्या तसा रिपोर्टवर इंग्रजी अक्षरांत लिहिला, आणि खाली रोगाचं नाव.

रोग असा होता की जुना अल्सर भरून येताना त्याच्या वणाने जठराचं दार आवळून बंद केलं होतं. थोडं पातळ झिरपायचं तेवढंच. चार-आठ दिवस सलाइन लावून सर्जननी तिला ऑपरेशनजोगी केली आणि जठराला आतड्याकडे दुसरं दार करून दिलं. हिराबाईचा मुलगा लग्न पुढे ढकलायला तयार होता, ती तयार झाली नाही. हळद घरी झाली आणि ती वॉर्डात राहिली. दुसऱ्या दिवशी चांगुणा वाटीत हळद घेऊन आली, कुणाला न विचारता भावजयीच्या दोन्ही गालांना फासली, आणि ओरडणाऱ्या सिस्टरच्या हातालाही लावून मोकळी झाली. मी ड्युटी सोडून बघायला गेले होते. हिराबाई चमच्याने पेज पीत होती आणि पेज पोटात टिकत होती.

"गोला गेला गं," ती मला म्हणाली. "पोट कसा गप झालाय."

खरं तर ही गोष्ट इथे संपवता आली असती. संपादकांनाही आवडली असती.

पण मी टेबलापाशी परत आले आणि काच उचलून तो कागद काढला. सरांनी नवा करायला सांगितला. मी केला नाही. त्या दिवसापासून चिठ्ठीवर पेशंटचे शब्द मराठीत जसेच्या तसे लिहायचे आणि सरांना तोंडी सांगायचे, असं ठरवलं. वेळ जास्त लागायचा, बाकावरचे लोक कुरकुरायचे. मी ऐकलं नाही. दोन-तीन महिन्यांनी सर स्वतःच पेशंटला विचारू लागले, "गोळा किधर से किधर जाता है? हाथ से दिखाओ."

आणि मग जुनी रजिस्टरं काढली. कागद काचेखाली होता तितकी वर्षं मी नवव्या ओळीतून किती लोकांना गॅस लिहिलं होतं? त्यातल्या ज्यांची सहा तासांची फिल्म झाली नव्हती, त्यांना पोस्टकार्डं लिहायला बसले. 'तुमची तपासणी पुन्हा करणे गरजेचे आहे, येण्यापूर्वी उलटी काढू नये.' सर म्हणाले, लोक घाबरतील. मी म्हटलं, घाबरून येऊ देत. त्यांनी सही केली.

बरेच आले. बहुतेकांना खरोखरच गॅस होता, आणि पुन्हा खडूचं पाणी पाजल्याबद्दल त्यांनी माझ्या शिक्षणाचा उद्धार केला. नावड्याच्या एका कामगाराचं दार अर्धं बंद निघालं, त्याचं वेळेत निभावलं. काहींनी उत्तरच दिलं नाही.

एक कार्ड परत आलं. पत्ता कोपरखैरण्याच्या माथाडी चाळीचा. पोस्टमनने लाल शाईने आडवं लिहिलं होतं, मालक मयत. नाव ओळखीचं वाटलं म्हणून घरी दादांना दाखवलं. ते त्यांच्याच टोळीतले. एका दमात बेरियम पिऊन 'अजून हाय?' म्हणणारे.

"कशानं गेले, दादा?"

"कशानं म्हंजी?" दादा म्हणाले. "वायगोळा व्हता न्हवं त्येला. तूच तर तपासलं व्हतंस."

त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. त्यांना वाटत होतं, मी तपासलं म्हणजे जेवढं करण्यासारखं होतं तेवढं झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची फिल्म शोधून पेटीवर लावली. शेवटची, अर्ध्या तासाची. जठर थोडं सैल. त्यावरून काही सांगता येत नाही. मी नंतरही अनेकदा लावून पाहिली, तरी सांगता येत नाही.

ते पोस्टकार्ड मी काचेखाली ठेवलं, कागद होता त्या जागी. निवृत्त होईपर्यंत तिथेच होतं. समोर बसलेला पेशंट पोटावरून बोट फिरवू लागला की मी पेन खाली ठेवायचे आणि ते बोट कुठे थांबतं ते बघायचे.